धुळवडीचा वाटा

रामहरीनं पयला दगड हानला तो कुत्र्याला. बरगडीत बसला. कुत्रं केकाटलं, जागच्या जागी गोल फिरलं, पन पळालं न्हाई. लांब तोंडाचं, पोट आत गेलेलं, शिकारीलाच पाळलेलं जनावर ते. दगडाला भिईल व्हय? त्याच्या जोडीला अजून दोन हुती. तिघांच्या मधी काळवीट उभा हुता. मान खाली, पिळाची शिंगं म्होरं, आन मागचा एक पाय नुसता लोंबता.

"हाऽड! हाऽड तुझ्या मायला!"

रामहरी काठी उगारून पळाला. पन्नाशी वलांडलेला, रेड्यासारखा गडी, पळताना दम लागत हुता. पायातली चप्पल गवतात कुठं गेली ते त्याला कळलं न्हाई.

पानवठा म्हंजी सिमेंटचं बसकं टाकं. उन्हाळ्यात फारेष्टवाले त्यात टँकरनं पानी वततात आन आख्ख्या अभयारन्याची हरनं तिथं प्यायला येत्यात. चारी बाजूला कंबरंइतकं वाळलेलं गवात, मधी मधी बाभळी. रामहरी तिथला रोजंदारीवरचा राखनदार. सकाळीच पूर्वंच्या हद्दीला धूर निघाला हुता. ज्योती मॅडम, म्हंजी तिथल्या वनरक्षक, जीप आन समदी मानसं घिऊन आग इझवायला निघाल्या, तवा त्यांनी रामहरीलाबी हाक मारली हुती.

"चला तात्या, बसा."

"तुमी व्हा म्होरं. धुळवडीच्या दिशी आग आपनहून लागती व्हय, मॅडम? मी पानवठ्यावं थांबतो."

"मलाही तसंच वाटतंय," मॅडम म्हनल्या. "पण आग सोडून कशी देऊ?"

बोरटेक गावात धुळवडीला पारध करायची जुनी रीत. समद्या गड्यांनी मिळून कुत्री घिऊन शिकारीला जायचं. आज्या-पंज्याच्या काळात ससं मारायची, डुकरं मारायची. मग अभयारन्य झालं, कायदा आला, रीत बंद पडली. बंद पडली म्हंजी दिसंनाशी झाली. कारन त्या दिशी घरटी मटन शिजतं. कुनाच्या पातेल्यात काय रटरटतंय, नाकाला कळत न्हाई.

रामहरीनं त्याच कुत्र्याच्या कंबरंत काठी घातली. कड् आवाज झाला. काठी मोडली का कंबार, ते कळायच्या आत कुत्रं मागचं पाय फरफटत गवतात शिरलं आन असं वरडाय लागलं का अंगावं काटा यावा. बाकीची दोन मागं सरली.

तवाच गवतातनं फटफटीचा आवाज आला. एका फटफटीवं तिघं. तोंडाला हुळीची राख फासलेली, डोळं तेवढं चमकत्यात. म्होरल्यानं गाडी तशीच आडवी टाकली.

"राजा! आरं माझ्या राजा!"

राखंतबी आवाज झाकत न्हाई. गावातल्या श्रीमंत नावाच्या गड्याचा पोरगा, अंगद त्यो. दोन ट्रॅक्टर, हातात कडं, आन नाकाच्या शेंड्यावं राग. मागं गोरक्ष आन सुनील, त्याच्या ताटातलं खानारी पोरं.

"अंगद," रामहरी म्हनला, "कुत्री बोलाव माघारी. जनावर तुटलंय, डाक्टर आनून वाचंल. घरी जा, मी कुनाचं नाव घेत न्हाई."

"कोन अंगद? आमी भुतं हावोत, तात्या. हुळीतली भुतं." हसत बोलला, पन नजर गवतात तडफडनाऱ्या कुत्र्यावं. हसू हळूहळू गेलं. "माझं कुत्रं मोडलंस तू."

"तुझ्या कुत्र्यानं सरकारचं हरीन मोडलं."

"सरकारचं!" अंगद थुकला. "सरकार पाजतंय व्हय ह्याला पानी? तूच ना त्यो भिश्ती?"

त्यानं फटफटीच्या डिकीतनं कोयता काढला. ऊसतोडीचा, वाकड्या पात्याचा. रामहरीच्या हातात निम्मी काठी. त्यो मागं सरला, सरत सरत काळविटाला टेकला. जनावराचं अंग थरथरत हुतं, तापलेल्या पत्र्यावानी गरम.

"बाजूला हो, तात्या. सनाचं रगत नको."

"न्हाई."

"हो म्हनतोय ना!"

"आरं, न्हाई म्हनलं ना!"

गोरक्षनं मागनं येऊन रामहरीच्या पोटरीत लाथ घातली. रामहरी गुडघ्यावं आला, पन पडता पडता त्यानं गोरक्षाचा पाय धरला आन दातानं मांडीला असा चावला का गोरक्ष बायकावानी किंचाळला. मग सुनीलनं त्याचं पाय धरलं. रामहरीनं एक पाय सोडवला, सुनीलच्या छातीत घातला, पुन्हा सुनीलनं धरला. धुरळा उडाला. काळवीट तीन पायावं हिसका देऊन निघाया बघत हुता, तर एका कुत्र्यानं त्याची मान धरली आन खाली वढला.

तवा रामहरीनं काय करावं? त्यानं स्वताला त्या जनावरावं टाकलं. मानंवर आडवा पडला, दोनी हातानं शिंगाच्या मुळाला मिठी मारली. काळविटाला काय कळतंय राखनदार कोन आन शिकारी कोन? त्यानं जिवाच्या आकांतानं डोस्कं झटकलं आन शिंगाचं टोक रामहरीच्या खांद्यात गेलं. रामहरी वरडला, पन सोडलं न्हाई.

"उठ! उठ म्हनतोय!"

कोयत्याची पाठ पयल्यांदा पाठीवं बसली. मंग दंडावं. मंग पुन्हा दंडावं, त्याच जागी. दुसऱ्या टायमाला हाडाचा आवाज तिघांनीबी ऐकला. हात आपनहून सुटला. अंगद थांबना. त्याच्या तोंडावरची राख घामानं वघळली हुती आन खालनं अंगद दिसाय लागला हुता. त्यानं कोयता फिरवून पातं खाली केलं.

"आरं मरंल त्यो!" सुनील वरडला. "भाऊ! मानूस हाय त्यो!"

अंगदचा हात वरच राह्यला. तसाच राह्यला थोडा येळ. मग त्यानं रामहरीच्या केसाला धरून त्याला बाजूला फेकला आन कोयता खाली आनला तो काळविटाच्या गळ्यावं.

रामहरी बघत हुता. रगताची चिळकांडी त्याच्या तोंडावं आली. डोळ्यात गेली. कंचं रगत कुनाचं, काय कळायला मार्ग न्हाई.

बाकीचं त्यांनी झटपट केलं. काळवीट पोत्यात घातला. टाक्यातलं पानी बादलीनं जमिनीवं वतून समदा चिखल केला. मोडलेल्या कुत्र्याला अंगदनं लेकरावानी उचलून पोटाशी धरलं. जाता जाता गोरक्ष लंगडत माघारी आला, कंबरंची हातभट्टीची बाटली काढली आन रामहरीच्या तोंडात, शर्टावं, केसात रिकामी केली.

"हॅप्पी धुळवड, तात्या."

*

आग इझवून माघारी आलेल्या ज्योती मॅडमनं रामहरीला जीपमधी घातला. त्यांचं नाक आक्रसलं, पन त्या बोलल्या न्हाईत. तालुक्याच्या दवाखान्यातला डाक्टर बोलला.

"सण जोरात झालेला दिसतोय."

"पाजलीय मला," रामहरी म्हनला. व्हट फाटलेलं, शब्द नीट निघना.

"सगळ्यांना कुणीतरी पाजतंच, बाबा." डाक्टरनं कागदावं काय लिहायचं ते लिहिलं. दंडाचं हाड दोन जागी गेल्तं. हात पट्ट्यात बांधला, खांद्याला टाके घातले. मोठ्या साहेबांचा फोन आला तो मॅडमनं बाहीर जाऊन घेतला, पन मोठ्या साहेबांचा आवाज भितीला आडत न्हाई. ड्युटीवं दारू पिऊन पडला, टाक्याच्या कठड्यावं आपटला, आसं गावातनं त्यांना आदीच कुनीतरी कळवलं हुतं. आसं आसंल तर उद्यापास्नं त्याला कामावं ठिवायचं न्हाई.

माघारी येताना मॅडम म्हनल्या, "तात्या, मला तुमचा शब्द पुरतो. कोर्टाला नाही पुरत."

"चिखल?"

"चिखल घेतलाय भरून. त्यातनं एवढंच कळेल की काळवीट मेलाय. कुणी मारलाय ते चिखल कसा सांगणार?"

त्यांनी बोरटेकात झडती घेतली. पंच घेतले, पोलीस घेतला, दारोदार गेल्या. समद्या घरात मटन. समद्या घरात रस्सा. अंगदच्या दारात लिंबाला बोकडाचं ताजं कातडं टांगलेलं, येनाऱ्या-जानाऱ्याला दिसंल आसं. त्यो आंघूळ करून, पांढरा सदरा घालून वट्यावं बसला हुता.

"या मॅडम. ताट करू का? पिवर बोकड हाय, कातडं बघा वाटल्यास. आमच्या तात्याला कसं वाटतंय आता? वय झालं बघा त्यांचं. झेपत न्हाई, तर कशाला प्यावी मानसानं?"

मॅडमनं दोन-चार पातेल्यातलं बाटलीत घेतलं. आख्ख्या गावची पातेली उचलून थोडीच नेता येत्यात? शिंगं, खुरं, खरं कातडं कुठल्या हिरीत गेलं, का कुठल्या चुलीत, कुनाला ठाऊक.

*

बनुबाईनं नवऱ्याला बाजंवं निजवलं आन दुपारपास्नं जे तोंड सुरू केलं ते थांबना.

"रोहिनी किती वरसं झाली म्हनतीया, आई-दादा भिंगारला या. लेकीच्या दारी पडून ऱ्हाऊ, पन आसं मरन नको. हरनं काय जेवाय घालनार हायती का तुमाला? आँ? आन त्या साहेबाला तुमी बेवडं. जलमात थेंब न्हाई घेतला त्यो मानूस बेवडा!"

"गप, बनू."

"का गप? दातबी पाडून घ्या दोन, मग सांगा गप."

रामहरीचा पट्टीतला हात ठनकत हुता. त्याच्या मनात एकच घोळत हुतं. उद्या त्यो पानवठ्यावं नसनार. त्याच्या जागी नवा मानूस येईस्तवर टाक्यापाशी कुनीच नसनार, आन अंगदला ते पक्कं ठाऊक हाय. कळपात अजून दोन मोठं नर हुतं.

दिवस कलला तवा दारात फटफटी वाजली. सुनील हुता. मागं पदर सावरत अंगदची आई, पुष्पावती, उतरली. हातात पळसाच्या पानाचा पुडा, सुतळीनं बांधलेला. सुनील गाडीवंच बसून राह्यला. रामहरीकडं बघायचं टाळत हुता.

बनुबाई झटक्यात उठली. पुडा कशाचा, हे सांगायला लागत नव्हतं.

पारधीचा कायदा जुना. शिकारीत ज्याचं रगत सांडलं त्याचा वाटा पयला, मग त्यो कुनीबी असो. वाटा कच्चा असतोय, ज्यानं त्यानं आपल्या चुलीवं शिजवायचा. दिवस मावळायच्या आत त्यो त्याच्या दारात पोचला पायजे, न्हाईतर पुढल्या पारधीत शिकाऱ्याच्याच घरचं रगत सांडतं. आन वाटा घेतला का भांडान मिटलं, पुन्हा त्यो इषय काढायचा न्हाई. अंगद देवाला हात जोडत नव्हता, पोलिसाला भीत नव्हता, पन ह्याला भीत हुता. त्याचा बाप, श्रीमंत, रानडुकरानं पोट फाडल्यानं मेला, त्याच्या आदल्या साली एका गड्याचा वाटा चुकला हुता, आसं गावात अजूनबी बोलत्यात. त्यात आज कुत्रं गेलं. त्यानं आईला धाडली. बाईमानसाच्या हातनं आलेला पुडा कोन रस्त्यावं फेकतंय?

"ये आक्का," बनुबाई म्हनली. आवाजात ये नव्हतं.

पुष्पावती उंबऱ्याच्या आत आली. उजव्या भुवईवं टेंगूळ, डोळा निम्मा मिटलेला.

"काय झालं गं डोळ्याला?"

"दार लागलं."

बनुबाईला ते दार ठाऊक हुतं. त्याच दारापायी अंगदची बायकू, दिपाली, दिवाळीत म्हायेरी गेली ती आली न्हाई.

पुष्पावती बाजंपाशी खाली बसली. पट्टीकडं बघत राह्यली.

"किती जागी मोडलाय, भावजी?"

"दोन."

"डोस्क्यात बसला असता तर?"

"तर हा पुडा कुनाला आनला असता, वैनी?"

बाहीर सुनीलनं हार्न दिला. तिनं मान वळवून बघितलं, मग रामहरीकडं सरकली. आवाज बारीक केला.

"हरनापायी किती वरसं देत्यात वो?"

"सात पतुर म्हनत्यात."

"आन मानसापायी?"

रामहरीनं तिच्याकडं बघितलं. उत्तर तिलाबी ठाऊक हुतं.

"काकू!" सुनील वरडला. "घेतला का तात्यानं? भाऊ इचारील मला."

बनुबाई पुड्याला हात घालून त्यो उकिरड्यावं भिरकावनार, येवढ्यात रामहरीनं चांगला हात म्होरं केला. डावा. पुडा घेतला आन पोटावं ठिवला.

"घेतला म्हनावं."

"मिटलं मग?" सुनीलच्या जिवात जीव आला.

"घेतला म्हनालो ना. जा."

पुष्पावती उठली. जाता जाता बनुबाईच्या पाठीवं हात ठिवला. "धुन्याआदी बघून घे गं बाई. म्हातारीच्या हातचं हाय. काय बाय ऱ्हातंय." आन फटफटीवं बसून गेली. मागं वळून बघितलं न्हाई.

"लाज न्हाई वाटली?" बनुबाई रडाय लागली. "हात मोडला त्याचंच हाडूक तोंडात घालनार व्हय तुमी? मिटवलं? येवढ्यावं मिटवलं?"

"सोड ती सुतळी."

"मी न्हाई हात लावत."

"बनू, सोड."

तिनं सुतळी तोडली. वरच्या पानाखाली मांसाचे तुकडे, साधेच. बोकडाचे म्हनून खपतील आसे. तिनं खालचं पान उलटं केलं आन हात आखडता घेतला. खाली तळहातायेवढं कातडं हुतं, केसासकट. एका अंगाला काळंभोर, दुसऱ्या अंगाला दुधावानी पांढरं. मधली रेघ कुनी चुन्यानं वढल्यासारखी. आसं कातडं बोकडाला नसतंय, काळविटाबिगर कशालाच नसतंय.

वाट्यात कातडं कुनी ठिवत न्हाई.

"म्हातारीला दिसलं न्हाई का काय?" बनुबाई बारीक आवाजात म्हनली.

"वैनी अजून सुईत दोरा बिनचष्म्याचा ववतीया," रामहरी म्हनला. "मॅडमला फोन लाव."

*

ज्योती मॅडम आल्या. संगं पंच दोन. पोलीस बाहीर थांबला. पुडा बघून त्यांनी हातमोजं घातलं, फोटो काढलं, कातडं आन मांस येगळ्या येगळ्या डब्यात घालून लाखंनं बंद केलं. हात भराभर चालत हुतं. मग गुडघ्यावं कागद घिऊन बसल्या.

"कुणी आणून दिलं, तात्या?"

रामहरी आढ्याकडं बघत हुता.

"तात्या?"

"दारात घावलं."

बनुबाईनं तोंड उघडलं. रामहरीनं तिच्याकडं आसं बघितलं का तिनं मिटलं.

मॅडमनं पेन खाली ठिवला. "असं नका करू. दारात सापडलं तर ते तुमच्या घरात सापडलं. अंगद उद्या म्हणेल, तात्यानंच दारू पिऊन हरीण मारलं आणि माझं नाव घेतलं. ह्या कातड्यानं तुम्हीच आत जाल. कळतंय का?"

"कळतंय."

"मग कुणी दिलं? नुसतं नाव सांगा, बाकीचं मी बघते."

"तुमी इथनं जीपमधी बसून जाताल, मॅडम," रामहरी म्हनला. "म्हातारं मानूस घरी जाईल."

येवढं बोलून त्याला दम लागला. नाव न घेताबी मॅडमला निम्मं कळलं हुतं, पन निम्म्या कळन्यावं सही हुत न्हाई. पंचातला एक जन खाकरला आन बाहीर बघाय लागला. बनुबाई पदरानं डोळं पुसत चुलीपाशी जाऊन बसली. तिला वरडावं वाटत हुतं. पुष्पावतीचा मिटलेला डोळा आठवत हुता, म्हनून वरडता येत नव्हतं.

"लिव्हा," रामहरी म्हनला. "रामहरीच्या घरात घावलं, आसं लिव्हा. काय व्हायचं ते हुईल."

मॅडमनं पेन उचलला. लिहिलं न्हाई. पुन्हा ठिवला.

"मी नाही असं लिहिणार."

"मंग काय लिव्हनार?"

दारात सावली पडली. समद्यांनी मान वळवली. पुष्पावती हुती. या टायमाला चालत आल्ती, पाय धुळीनं माखलेलं. काखंत लुगड्याचं गाठोडं, हातात पितळेचा तांब्या. दम लागला हुता म्हनून तिनं आदी चौकट धरली.

"मी दिलं," ती म्हनली. "लिव्ह बाई. पुष्पावती श्रीमंत. बोरटेक."

"वैनी, जा तुमी घरी," रामहरी उठायला बघत म्हनला. हात हलला, कळ मस्तकात गेली, पुन्हा आडवा झाला.

"मला सही येती," पुष्पावती मॅडमला म्हनली. "आंगठा नको."

मॅडम उभ्या राह्यल्या. "आजी, समजून घ्या. हे नुसतं इथं नाही थांबत. कोर्टात यावं लागेल, शपथ घ्यावी लागेल. समोर तो उभा असेल. मुलगा आहे तुमचा."

"म्हनून तर."

लांब कुठंतरी धुळवडीची हलगी अजून वाजत हुती.

"तो कुठं आहे आता?" मॅडमनं इचारलं.

"मळ्यात. कुत्र्याला माती देतोय." म्हातारीनं तांब्या हळूच खाली ठिवला. "संगं कुनी न्हाई. आंब्याखाली बसून रडतोय, ल्हान पोरावानी. बाप गेला तवा आसाच रडला हुता. आत्ताच जावा. आत्ता कोयता हातात न्हाई त्याच्या."

तिनं सही केली. अक्षार मोठं, वाकडं, पन पुरं नाव. मॅडमनं बाहीर पोलिसाला हाक मारली, डबे उचलले आन निघाल्या. जीप मळ्याच्या वाटंला लागली.

पुष्पावती भितीला टेकून बसली. गाठोडं मांडीवंच. जीपचा आवाज इरंपतुर ती ऐकत राह्यली. इरल्यावंबी ऐकत राह्यली.

बनुबाईनं चूल पेटवली. डब्यातनं परातीत पीठ घेतलं. डब्याचं झाकन लावलं. मग झाकन पुन्हा काढलं आन अजून दोन मुठी घातल्या.